जीभ वरच्या ओठाला लावून बोलायचे ते कसे?

प्रश्न : प्रशांत महासागरातल्या वानुआतू या द्वीपराष्ट्रातल्या आराकी भाषेत जिभेचे टोक वरच्या ओठाला लावून काही व्यंजने उच्चारतात, असे वाचले. मी करून पाहते तेव्हा नुसता ‘न’ निघतो. चुकते कुठे?

उत्तर : तुमची जीभ सवयीने दातांमागे जाते आहे, म्हणून ‘न’ येतो. आरसा समोर धरा. ओठ मिटून ‘म’ गुणगुणायला लागा, आवाज न तोडता खालचा ओठ सोडा आणि त्याची जागा जिभेच्या टोकाला द्या. टोक वरच्या ओठाच्या कडेला पूर्ण टेकायला हवे. फट राहिली तर हवा तोंडातून निसटते आणि आवाज पातळ होतो. खालचा ओठ वर आला की पुन्हा साधा ‘म’च होतो, तो येऊ नये म्हणून हनुवटी बोटाने हलकेच खाली धरा.

हे जमले की ‘प’ घ्या. इथे हवा कोंडून एकदम सोडायची, पण महाप्राण नको. तळहात तोंडासमोर धरा. झोत लागला तर तो ‘फ’कडे गेला. तिसरा ‘व’ सगळ्यात अवघड. आपल्या ‘व’ला खालचा ओठ लागतो, तो इथे अजिबात नको, जीभ ओठाला जेमतेम भिडवून हवा घासत जाऊ द्यायची.

सराव ‘मा, मी, मे’ असाच करा; ‘मो, मू’ने सुरुवात नको. हे उच्चार मुळात जुन्या ओष्ठ्य (दोन्ही ओठांनी होणाऱ्या) व्यंजनांपासून आले, आणि तेही ज्यांच्या उच्चारात ओठ गोल होत नाहीत अशा आ, इ, ए या स्वरांआधी.

आराकी हे वानुआतूच्या एस्पिरितू सांतो या बेटाच्या दक्षिणेला असलेले छोटे बेट. तिथल्या या भाषेचे व्याकरण भाषाशास्त्रज्ञ अलेक्सांद्र फ्रांस्वा यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा ती अस्खलित बोलणारी जेमतेम आठ माणसे राहिली होती. इतर लोक शेजारच्या तांगोआ भाषेकडे वळले होते. म्हणून उच्चार अंदाजाने टिपून भागत नाही. याच भाषेत एकदा फटकारलेला आणि लांबवून थरथरवलेला असे दोन वेगळे ‘र’ही आहेत. मराठी कानाला दोन्ही ‘र’च वाटतात, तिथे मात्र त्यांनी शब्द बदलतो.

प्रश्न : हे उच्चार देवनागरीत कसे टिपावेत?

उत्तर : रोमन लिपीत आराकीसाठी अक्षरावर दोन टिंबे देतात. देवनागरीत म़, प़, व़ असा नुक्ता (अक्षराखाली टिंब) द्या आणि त्याचा अर्थ वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. नुसत्या आवाजाच्या फितीवर विसंबू नका. हा ध्वनी ओष्ठ्य आणि दंत्य यांच्या मधला असल्याने एक जण ‘म’ लिहितो, दुसरा ‘न’. बोलणाऱ्याच्या परवानगीने चेहऱ्याचे चित्रीकरण समोरून आणि बाजूने करा. प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्या: दोनदा सुटा, एकदा वाक्यात.