मुलगी डिबेटला, आई-बाबा जजच्या खुर्चीत

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी यंदा नववीत गेली आणि शाळेच्या स्पीच अँड डिबेट टीममध्ये जायचं म्हणतेय. एरवी ती अबोल आहे. तिला झेपेल का? भाषणं आम्ही लिहून द्यायची का? शाळा पालकांनाही जज म्हणून बोलावते आहे; आमच्या इंग्रजी उच्चारांचं काय?

उत्तर : उच्चारांचं आधी सांगते, कारण खरी धाकधूक तिथेच दिसते आहे. जजला बोलायचं असतं थोडं, ऐकायचं पुष्कळ. जितकी मुलं स्पर्धेत उतरवायची त्या प्रमाणात शाळेला जज पुरवावे लागतात, म्हणून नवख्या पालकांनाही बोलावतात. जज कमी पडले, तर कुणातरी मुलाचं नाव मागे घ्यायची वेळ येऊ शकते. तेव्हा ही जबाबदारी टाळू नका.

जज म्हणून ऐकताना कोऱ्या कागदावर उभे रकाने आखा, प्रत्येक भाषणाला एक. दोन बाजूंसाठी दोन रंगांची पेनं घ्या. मुद्द्याला पुढच्या भाषणात उत्तर मिळालं, की बाण काढून ते शेजारी टिपा. नाही मिळालं, तर ती जागा रिकामी राहते आणि निकाल देताना तीच कामाला येते. याला ‘फ्लो’ म्हणतात. फेरीआधी मुलं तुमचा ‘पॅराडाइम’ विचारतील, म्हणजे तुम्ही कशाच्या आधारे निकाल देता ते. ‘मी नवीन आहे, सावकाश बोला’ एवढं सांगितलंत तरी पुरे. निकालाचं कारण मात्र नीट लिहा. नुसतं ‘छान बोललात’ वाचून पोरं वैतागतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. आपल्याच शाळेच्या मुलांना जज करायची वेळ सहसा येत नाही.

आता भाषण लिहून देणं. आपल्या वक्तृत्व स्पर्धांमध्ये आईने लिहायचं, बाईंनी हातवारे बसवायचे आणि पोराने घडाघडा म्हणायचं, हे सर्रास चालायचं. इथे पब्लिक फोरम या जोडीने लढायच्या डिबेट प्रकारात बाजू नाणेफेकीने ठरू शकते, त्यामुळे दोन्ही बाजू तयार लागतात. शिवाय ‘क्रॉसफायर’मध्ये समोरची जोडी थेट प्रश्न विचारते. तुम्ही लिहिलेला परिच्छेद तिथे पहिल्याच ‘का?’ला कोलमडेल. मदत करायचीच, तर संध्याकाळी तिच्या विरुद्ध बाजूने भांडा. पुरावा मागा, आकडा कुठून आणला ते विचारा. (याचा त्रास पुढे तुम्हालाच होणार. झोपायच्या वेळेवरूनही ती पुरावा मागेल.)

अबोल असण्याची मला काळजी वाटत नाही. अबोल मुलं बऱ्याचदा नीट ऐकतात, आणि डिबेटमध्ये ऐकता न येणारा हमखास अडकतो. प्रकार कुठला घ्यायचा हे महत्त्वाचं. पब्लिक फोरम जोडीने असतं, म्हणून मी तिथून सुरुवात सुचवेन. लिंकन-डग्लस एकटीने लढायचं. नाव अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्या १८५८च्या प्रसिद्ध वादांवरून आलं, भर नीतिमूल्यांवर. पॉलिसीमध्ये वर्षभर एकच विषय, पुराव्यांचे ढीग, आणि बरेच जण इतके भरभर बोलतात की नवख्याला शब्द लागत नाहीत. पहिल्या वर्षी मी तरी तिकडे पाठवणार नाही. वाद नकोच असेल, तर स्पीचमध्ये ओरेटरी आहे : स्वतः लिहून पाठ केलेलं, दहा मिनिटांपर्यंतचं भाषण. बातम्यांची आवड असेल तर एक्स्टेम्प. चालू घडामोडींवरच्या तीन प्रश्नांतून एक निवडायचा, ३० मिनिटं तयारी करायची आणि ७ मिनिटांत मांडायचं.

नवख्यांसाठी बऱ्याच स्पर्धांत ‘नॉव्हिस’ गट वेगळा असतो. तरीही सुरुवातीला ती हरेल. घरी आल्या आल्या ‘कितवा नंबर?’ विचारू नका. जजने काय लिहिलं ते तिच्याबरोबर बसून वाचा. १९२५ साली सुरू झालेल्या नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशनच्या पद्धतीत डिबेटची फेरी जिंकली तर ६ गुण मिळतात आणि हरली तरी ३ मिळतात, हे तिला जरूर सांगा.

कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढावी एवढ्यासाठी पाठवत असाल, तर मात्र नको. सूट घालून पहाटे बस गाठायची, दिवसभर फेऱ्यांची वाट बघायची आणि अंधार पडल्यावर परतायचं, असे शनिवार नुसत्या त्या ओळीखातर निभत नाहीत. प्रवासाचा आणि नोंदणीचा खर्च कोचला आधीच विचारा. मदतीची काही सोय आहे का, हे विचारायलाही संकोच नको. शनिवारची मराठी शाळा बुडणार असेल, तर तिथल्या शिक्षकांशी आत्ताच बोलून ठेवा.