वाचकांचे प्रश्न : जावा की डॉटनेट?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. स्टोअर, गेट पास, बिलिंग सगळे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ च्या वेब फॉर्म्सवर (वेब स्क्रीन बनवायची जुनी पद्धत) चालते. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर, रिपोर्ट क्रिस्टल या रिपोर्ट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचे. एक कंपनी म्हणते जावात नव्याने लिहा, दुसरी म्हणते नवे डॉटनेट १० घ्या. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : डॉटनेट १० घ्या. वेगाच्या बाबतीत दोन्ही तुमच्या कामाला पुरून उरतील. फरक पडतो तो खर्चात. वेब फॉर्म्स नव्या डॉटनेटमध्ये आलेच नाहीत, म्हणजे स्क्रीन कुठेही गेलात तरी नव्याने लिहायच्याच. पण दर, कर, साठा यांचे हिशेब करणारा सी शार्प (डॉटनेटची भाषा) कोड स्क्रीनपासून वेगळ्या लायब्ररीत, म्हणजे कोडच्या स्वतंत्र संचात असेल, तर तो बराचसा तसाच चालतो. जावात तो पुन्हा लिहून पुन्हा तपासावा लागेल. जावावाले सोबत पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेसही सुचवत असतील, तर स्टोअर्ड प्रोसिजरही (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) बदलाव्या लागतील. त्या कामाचा आकडा कोटेशनमध्ये वेगळा मागा.

घाई नको. ४.८ ला विंडोजबरोबर सपोर्ट मिळतच राहतो. सगळे एकदम बदलू नका, गेट पासपासून सुरुवात करा. नवे अॅप पुढे ठेवून त्यात यार्प हा प्रॉक्सी, म्हणजे आलेली मागणी योग्य अॅपकडे वळवणारा मध्यस्थ बसवा. जी पाने अजून हलवली नाहीत, ती जुन्या अॅपकडे जातील. पहिली अडचण लॉगिनची येते, कारण जुने सेशन (लॉगिन केलेल्याची नोंद) नव्या अॅपला आपोआप वाचता येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे सिस्टिम-वेब अॅडाप्टर आहेत. क्रिस्टल रिपोर्ट नव्या डॉटनेटवर चालत नाहीत. ते तूर्त जुन्या सर्व्हरवरच राहू द्या.

दुसरी अडचण डेटाबेस जोडताना. अॅपला एसक्यूएल सर्व्हरशी जोडणाऱ्या एसक्यूएल-क्लायंटच्या नव्या लायब्ररीत आवृत्ती ४ पासून एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक करून पाठवणे) आपोआप चालू असते. सर्व्हरची ओळख पटवणारे सर्टिफिकेट स्वतःच बनवलेले असेल तर कनेक्शन नाकारले जाते. तेव्हा प्रोग्रामर सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून मोकळे होतात. हे चालवून घेऊ नका, सर्व्हरवर योग्य सर्टिफिकेट बसवून घ्या.

जावा केव्हा? तुमच्याकडे आधीच जावाची अनुभवी माणसे असतील तेव्हा. मग टेम्युरिनसारखे मोफत ओपनजेडीके (जावाची मुक्त आवृत्ती) वापरा. ओरॅकलचे २०२३ पासूनचे जावा सबस्क्रिप्शन जावा वापरणाऱ्यांच्या संख्येवर नाही, एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर मोजले जाते. कारखान्याला ते जड जाते.

डॉटनेट १० चा सपोर्ट तीनच वर्षांचा, नोव्हेंबर २०२८ पर्यंत. पुढच्या आवृत्तीवर नेण्याचे काम आणि संपूर्ण सोर्स कोड तुमच्या ताब्यात देणे, या दोन अटी वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या.