ट्युनिकामायसिन हाती घेण्यापूर्वी
प्रथिनांच्या चुकीच्या घडीमुळे पेशीवर येणारा ताण अभ्यासताना, हा ताण मुद्दाम आणणाऱ्या ट्युनिकामायसिन या एकट्या औषधावर विसंबू नका. ते प्रथिनांवर शर्करेची साखळी चढू देत नाही, तर थाप्सिगार्जिन हे दुसरे औषध अंतर्द्रव्यजालिकेतील (पेशीत प्रथिनांची घडी जिथे पडते त्या जाळ्यातील) कॅल्शियम कमी करते, म्हणून दोन्हींत सारखा प्रतिसाद दिसला तरच निष्कर्षावर भरवसा ठेवावा. ताण आल्यावर एक्सबीपी-१ या जनुकाच्या आरएनएमधून २६ न्यूक्लिओटाइड (आरएनएचे घटक) कापले गेले की, लांबीनुसार तुकडे वेगळे करणाऱ्या जेलवर खालची पट्टी उमटते. सर्वांत वर तिसरी पट्टी आली तर गोंधळू नका, ती बहुधा कापलेल्या आणि न कापलेल्या अशा दोन्ही रूपांची संकरित जोडी असते. (औषध न दिलेल्या नियंत्रण नमुन्यात तेवढेच डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) घालावे, ते विसरून मी आठवडा घालवला आहे.) मात्र औषधाने आणलेला ताण म्हणजे आजार नव्हे. प्रयोगशाळेतील अकिता नावाच्या वाणाच्या उंदरात इन्सुलिनच्या एका जनुकातील बदलामुळे ९६व्या स्थानी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसिन येते, गंधकाचा एक बंध जुळत नाही आणि ताणाखालील, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी निकामी होत जाऊन मधुमेह होतो; नवख्याने आधी हेच उदाहरण नीट समजून घ्यावे, असे माझे मत आहे.