जुन्या मशीनचं नाव नव्या रिपोर्टमध्ये का येतं?

प्रश्न : ताई, मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. मशीनवरच्या मापांच्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली माहिती असलेल्या) फाइल वाचून रिपोर्ट काढणारे छोटे पायथन प्रोग्रॅम मीच लिहितो. नवीन मशीन आलं की जुनी फाइल कॉपी करून नाव बदलतो. मध्यंतरी एका जागी नाव बदलायचं राहिलं आणि चार नंबरच्या मशीनचा रिपोर्ट दोन नंबरच्या नावाने गेला. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमधली स्निपेट्स, म्हणजे छोट्या नावाने बोलवता येणारे कोडचे तयार तुकडे, इथे उपयोगी पडतील का? सहकारी म्हणतो, एआय असताना स्निपेट्स कोण लिहितं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : नक्की पडतील. बाणेरच्या आमच्या ऑफिसात नव्याने आलेल्या मुलामुलींना मी आधी हेच शिकवते. जुनी फाइल कॉपी केली की काय बदलायचं हे तुम्हाला आठवावं लागतं. स्निपेट ते स्वतः विचारतं. बँकेच्या छापील स्लिपवर रिकाम्या चौकटी असतात ना, तसं.

फाइल मेन्यूत प्रेफरन्सेस, त्यात कॉन्फिगर स्निपेट्स, मग पायथन निवडा. एक जेसन फाइल (ठरावीक पद्धतीने माहिती लिहायची साधी मजकूर फाइल) उघडेल. तिच्यात स्निपेटला नाव द्या. ‘प्रीफिक्स’मध्ये ते बोलवायचं छोटं अक्षरनाम आणि ‘बॉडी’मध्ये कोड लिहा. कोडची प्रत्येक ओळ वेगळ्या अवतरणचिन्हांत, मधे स्वल्पविराम. फाइलच्या पत्त्यात उलटी तिरकी रेघ टाळा, सरळ तिरकी वापरा. विंडोजवर पायथनला ती चालते आणि जेसनमधली डोकेदुखी वाचते.

आता खरी गोष्ट. जिथे मशीनचं नाव येतं तिथे डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून १ हा आकडा (इंग्रजी अंकात) टाका. फाइलच्या पत्त्यात, रिपोर्टच्या मथळ्यात, आउटपुटच्या नावात, सगळीकडे तोच १. स्निपेट उमटलं की तुम्ही नाव एकदाच टाइप करता आणि ते सगळ्या जागी एकदम भरतं. तुमची अडचण इथेच सुटते. टॅब दाबला की पुढचा थांबा, म्हणजे २. तिथे सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्यांची यादीही देता येते, निवडलं की झालं. ० म्हणजे शेवटी कर्सर जिथे थांबवायचा ती जागा. तारखेसाठी करंट-इयर, करंट-मंथ, करंट-डेट अशी तयार व्हेरिएबल्स (आपोआप भरल्या जाणाऱ्या जागा) आहेत. काही व्हेरिएबल्सच्या नावांआधी टीएम दिसेल. ही खूण २००४ मध्ये मॅकवर आलेल्या टेक्स्टमेट या एडिटरची. स्निपेटची ही पद्धत त्यानेच लोकप्रिय केली. व्हीएस कोड २०१५ चा, पण ती नावं त्याने तशीच ठेवली.

हमखास विसरायला होतं तेही स्निपेटमध्ये बांधून टाका. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण असते. त्यामुळे पहिल्या कॉलमचं नाव जुळत नाही आणि माणूस तासभर शोधत बसतो. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की प्रश्न मिटतो. कॉलमची नावं मराठीत असतील तर विंडोजवर एन्कोडिंग स्पष्ट लिहायलाच हवं.

पण एक आग्रहाने सांगते. सरासरी काढणं, माप टॉलरन्समध्ये (चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत) आहे का ते तपासणं, हे स्निपेटमध्ये घालू नका. स्निपेट म्हणजे शेवटी प्रतच. सूत्रात चूक सापडली तर ती प्रत्येक मशीनच्या फाइलमध्ये जाऊन दुरुस्त करावी लागेल. ते सगळं वेगळ्या फाइलमध्ये फंक्शन म्हणून लिहा आणि इम्पोर्ट करा. स्निपेटमध्ये फक्त सांगाडा.

सहकाऱ्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. नवीन काही लिहिताना एआयची मदत जरूर घ्या. पण तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर थोडं वेगळं येऊ शकतं, कधी एन्कोडिंगच गाळलेलं. रोजच्या रिपोर्टला तेच ते, तपासलेलं, अक्षरशः तसंच हवं असतं. एआयने लिहिलेला तुकडा आधी जुन्या आकड्यांवर चालवून बघा, पटला तर त्याचंच स्निपेट करा.

विभागात आणखी कुणी हे प्रोग्रॅम लिहीत असेल, तर स्निपेट्स प्रोजेक्टच्या ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरमध्ये ‘कोड-स्निपेट्स’ एक्स्टेन्शनच्या फाइलमध्ये ठेवा. तो फोल्डर ज्याच्याकडे जाईल त्याला ती आपोआप मिळतात.