शंका आकड्यात सांग

प्रिय मित्रा,

तेल कंपनीत जाणं म्हणजे भूविज्ञानाशी गद्दारी का, हेच तू पानभर फिरवून फिरवून विचारलं आहेस. सोड तो प्रश्न. खडकात पाणी किती नि तेल किती, हे विद्युतरोधावरून काढायचं आर्चीचं सूत्र 1942 साली शेल या तेल कंपनीतल्या माणसानं मांडलं. पीटर वेल आणि सहकाऱ्यांची 1977 ची सिस्मिक स्ट्रॅटिग्राफी, म्हणजे जमिनीत सोडलेल्या कंपनांच्या प्रतिध्वनींवरून थर वाचायची पद्धत, तीही एक्सॉन या तेल कंपनीतली. तुझा अर्धा प्रबंध तिच्यावरच उभा आहे!

अडचण वेगळीच आहे. विद्यापीठात शंका शेवटच्या परिच्छेदात लिहायची, 'अधिक अभ्यास हवा' म्हणायचं आणि पुढच्या फील्ड सीझनची वाट बघायची. इथे कंपनीत सिस्मिक चित्र धूसर, जवळची विहीर लांब आणि खोदणाऱ्या रिगची तारीख ठरलेली. म्हणून शंका आकड्यात सांगायची. तेल सापडायला चार गोष्टी लागतात: ते तयार करणारा सोर्स रॉक, साठवणारा रिझर्व्हॉयर, अडवून धरणारी रचना म्हणजे ट्रॅप, आणि वरचं घट्ट झाकण म्हणजे सील. चारही स्वतंत्र धरून प्रत्येकाची 70 टक्के खात्री दिलीस, तरी गुणाकार 24 टक्क्यांवर येतो. म्हणजे अशा चार विहिरींतल्या साधारण तीन कोरड्या, म्हणजे तेलाविना, जाणार, हे खोदण्याआधीच कबूल. कोरड्या विहिरीची लाज नाही. 24 चे 60 करून सांगण्याची आहे. बैठकीत कुणीतरी हसत म्हणेलच, 'जरा वर न्या ना.' नेऊ नकोस.

मी नेले नाहीत. बढत्या उशिरा आल्या. विद्यापीठातल्या जुन्या विभागात मला अजून 'विकला गेलेला' म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांच्या शंकांवर कुणाचे पैसे लागलेले नसतात. (हे जरा कडू झालं, पण राहू दे.) सलतं ते एवढंच की माझं सगळ्यात चांगलं काम गोपनीय म्हणून पडून आहे, त्यावर कुणी आक्षेपसुद्धा घेऊ शकत नाही. सही करण्याआधी करारातलं प्रकाशनाचं कलम नीट वाच.

तेलाचे दिवस भरले तर काय, ही भीतीही नको. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात समुद्रतळाखालच्या उत्सिरा वालुकाश्मात 1996 पासून कार्बन डायऑक्साइड कायमचा साठवायला भरू लागले. तिथेही प्रश्न तोच, वरचं सील धरेल का? 'हो' म्हणून कुणाचं भागत नाही, आकडा लागतो.

तर आता प्रबंधातला वालुकाश्माच्या जाडीचा नकाशा काढ. एकाऐवजी तीन कर: कमीत कमी, बहुधा, जास्तीत जास्त. प्रत्येकाची शक्यता शेजारी लिही आणि मुलाखतीला तेच घेऊन जा. तुझे गाइड म्हणतील, हे विज्ञान नव्हे. मला फोन लावून दे, मी बोलतो त्यांच्याशी.