नदीतला बुटका स्वोर्डटेल मुंबईच्या टँकमध्ये

गेल्या लेखात पिग्मी स्वोर्डटेल या छोट्या माशाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक इथे घेतो आहे.

प्रश्न : क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेले लाल स्वोर्डटेल माझ्याकडे आहेत. पिग्मी म्हणजे त्यांचीच लहान जात का? फोटोत नराला तलवार दिसली नाही. (वाचिका, गिरगाव)

जात वेगळी आहे. शास्त्रीय नाव झिफोफोरस पिग्मियस. हब्ज आणि गॉर्डन या शास्त्रज्ञांनी १९४३ साली तिचं वर्णन केलं. मेक्सिकोच्या सान लुइस पोतोसी राज्यात पानुको नदीच्या खोऱ्यात आक्स्तला नावाची नदी आहे, तिथला हा मासा. पूर्ण वाढलेला जेमतेम तीन-चार सेंटिमीटर भरतो. तलवार म्हणजे स्वोर्डटेल नराच्या शेपटीच्या खालच्या कडेचं लांब टोक, पिग्मीत ते बारीकसंच, बस्स. त्यामुळे नर ओळखायला शेपटीकडे बघू नका, पोटाखालचा मागचा पर बघा. मादीचा तो पर पंख्यासारखा पसरलेला असतो, नराचा काडीसारखा निमुळता होऊन मागे वळलेला असतो. मिलनासाठी नर तोच वापरतो. रंग साधा, फिकट तपकिरी, अंगावर आडवी गडद रेघ. काही नर मात्र सोनेरी-पिवळे निघतात आणि हिरव्या वनस्पतींत ते फार देखणे दिसतात.

तुमचे लाल मासे हेलेरी या मोठ्या स्वोर्डटेलचा प्लॅटी या त्याच्या जवळच्या नात्यातल्या माशाशी संकर करून, पिढ्यान् पिढ्या निवड करत तयार झालेले आहेत. नदीतला हेलेरी हिरवट असतो. लाल, काळा, अननसी हे सगळे रंग माणसाने आणलेले. मासे म्हणून ते वाईट मुळीच नाहीत, पण पिग्मीची गोष्ट वेगळी आहे. तो नदीत जसा आहे तसाच टँकमध्ये राहावा म्हणून पाळायचा.

आक्स्तलाचा प्रवाह जोराचा आहे. पिग्मी मात्र काठाशी राहतो. काठ आतून कोरला गेलेला असतो आणि वनस्पती दाटीने वाढलेल्या असतात, तिथल्या संथ पाण्यात त्याचा मुक्काम. टँक लावताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. एका बाजूला फिल्टरचा प्रवाह, दुसऱ्या बाजूला जावा मॉस, व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पती आणि पुढे झुकलेलं लाकूड. आठ-दहा माशांना दोन फुटी टँक पुरतो. वर झाकण हवंच, स्वोर्डटेल उडी मारतात.

प्रश्न : दर उन्हाळ्यात माझे मासे वर येऊन तोंड उघडतात, दोन-चार जातातच. पिग्मी मुंबईत टिकेल का? (वाचक, मुलुंड)

टिकेल, पण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर सांभाळावे लागतील. या माशाला २२ ते २६ अंश मानवतं. आपल्या घरात मे महिन्यात टँकचं पाणी सहज ३० च्या वर जातं. नुसत्या उष्म्यापेक्षा प्राणवायूची अडचण मोठी असते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि नेमकं तेव्हाच माशाचं शरीर जास्त प्राणवायू मागतं. वर येऊन तोंड उघडणं हे गुदमरणं आहे, भूक नव्हे. तेव्हा खाणं टाकू नका. न खाल्लेलं अन्न कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही जातो.

एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. रात्री वनस्पतीसुद्धा प्राणवायू घेतात, त्यामुळे पहाटेची वेळ सर्वांत धोक्याची. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा छोटा पंखा लावा. पंख्यासाठी झाकण काढाल तर त्या जागी बारीक जाळी बसवा. बाष्पीभवनाने पाणी गार होतं, पण आपली हवा दमट, म्हणून पंख्याने एक-दोन अंशच उतरतील. तेवढेही मोलाचे असतात. टँक पश्चिमेच्या खिडकीशी किंवा फ्रिजवर ठेवू नका. लाइट दुपारी बंद ठेवून संध्याकाळी लावा. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं. पाणी बदलायचं ते सकाळी लवकर, आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं. बर्फ टाकू नका. तापमान एकदम खाली-वर झालं की मासा जास्त खचतो.

डिसेंबर-जानेवारीत हीटरची गरज नाही. तो काळ या माशासाठी मुंबईतला सर्वांत सुखाचा.

प्रश्न : नळाचं पाणी चालेल की बाटलीबंद? (वाचक, दादर)

नळाचंच वापरा, पण दोन गोष्टी करून. क्लोरीन काढण्यासाठी अँटीक्लोरीन घाला. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येत असेल तर बादलीत दिवसभर हवाही सोडा.

दुसरी गोष्ट क्षारांची. भातसा, वैतरणा, तानसा इथलं पाणी सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून येतं. त्या दगडातून पाण्यात चुना फारसा उतरत नाही, म्हणून मुंबईचं पाणी हलकं. पिग्मीच्या मुलखात चुनखडीचे डोंगर आहेत, तिथलं पाणी जड आणि किंचित अल्कधर्मी. हलक्या पाण्यात स्वोर्डटेल महिनोन् महिने कसेबसे जगतात, पण पर मिटून एका जागी डुलत राहतात, पिल्लं अशक्त निघतात. दुकानदार अशा वेळी औषधाची बाटली देतो. औषधाआधी पाणी तपासा.

उपाय स्वस्त आहे. संगमरवराची बारीक खडी धुऊन जाळीच्या पिशवीत भरा आणि फिल्टरजवळ ठेवा. खडी खरंच संगमरवराची आहे का, हे घरीच कळतं. कोरड्या खड्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बारीक बुडबुडे उठले तर चुना आहे. नुसताच ओला झाला तर ती खडी पाण्याचा जडपणा वाढवणार नाही. दोन-तीन आठवड्यांनी जीएच (पाण्याचा जडपणा) आणि पीएचचं किट वापरून बघा. पीएच ७.२ ते ८ मध्ये स्थिरावला की झालं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आधी किट, मग खडी, कारण ते बहुधा मुळातच जड असतं.

प्रश्न : काका, माझ्या लाल स्वोर्डटेलच्या मादीला तलवार आली आणि ती नर झाली! असं खरंच होतं का? (इयत्ता नववी, बोरिवली)

तुझं निरीक्षण छान आहे, पण तो बहुधा पहिल्यापासून नरच होता. स्वोर्डटेलचे काही नर लवकर वयात येतात आणि लहानच राहतात, काही उशिरा वयात येतात आणि मोठे होतात. नायग्रेन्सिस नावाच्या जातीत तर नर किती मोठा होणार हे त्याच्या वाय गुणसूत्रावरचं जनुक ठरवतं. उशिरा वयात येणारा नर तोवर हुबेहूब मादीसारखा दिसतो. म्हाताऱ्या मादीत कधीकधी नराची थोडी लक्षणं दिसतात, पण नर म्हणून तिच्यापासून पिल्लं होत नाहीत.

आता तू हे आठव, त्या माशाने कधी पिल्लं दिली होती का? तू स्वतः बघितली होतीस का? आणखी एक सांगतो. टँकमध्ये नर नसतानाही मादी पिल्लं देते, कारण ती नराचे शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते. वही कर आणि तारखा लिहीत जा.

प्रश्न : पिग्मी माझ्या प्लॅटी आणि लाल स्वोर्डटेलबरोबर ठेवले तर? (वाचिका, ठाणे)

कृपा करून ठेवू नका. या प्रश्नावर मी कधीच मवाळ उत्तर देणार नाही.

झिफोफोरस गटातले मासे, म्हणजे स्वोर्डटेल आणि प्लॅटी, आपसांत सहज संकर करतात आणि बरेचदा ती पिल्लंही पुढे वाढतात. पिग्मीच्या बाबतीत धोका दुप्पट आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पिग्मीच्या माद्यांनी स्वतःच्या जातीचा बुटका नर सोडून नायग्रेन्सिसच्या मोठ्या नराला पसंती दिली होती. मग शेजारी मोठा लाल नर असेल तर काय होईल, हे तुमच्या लक्षात येईल. दोन पिढ्यांत पिग्मी उरणार नाही आणि नुसत्या डोळ्यांना ते कळणारही नाही.

संकराचा आणखी एक परिणाम ऐका. ठिपक्यांची प्लॅटी आणि हेलेरी यांचा संकर करून ती पिल्लं पुन्हा हेलेरीशी जोडली, की त्यांतल्या काहींच्या अंगावर काळ्या गाठी येतात. तो कर्करोग असतो. प्लॅटीच्या काळ्या रंगपेशींना आवर घालणारं जनुक संकरात गळून पडतं. गॉर्डन आणि कॉसविग यांनी १९२० च्या दशकात हे दाखवून दिलं, आणि आजही कर्करोगाच्या अभ्यासात हे मासे वापरले जातात.

म्हणून एक जात, एक टँक. टँकवर चिठ्ठी लावा : जात, मूळ नदी, कोणाकडून घेतले, तारीख. मुंबईच्या दुकानांत पिग्मी सहसा दिसत नाही. कोणी देऊ केला तर या चार गोष्टी विचारा. उत्तरं देता आली नाहीत तर मासा सुंदर असला तरी त्याला पिग्मी म्हणून पुढे वाढवू नका. मेक्सिकोतल्या मॉन्तेरेय शहराजवळच्या झऱ्यांतली कौचियानस ही प्लॅटी तिथलं पाणी उपसलं गेल्याने आणि बाहेरून आलेल्या जातीशी संकर झाल्याने जवळजवळ संपली. पाळलेल्या शुद्ध वंशांमुळे ती आज आहे. आपल्या दोन फुटी टँकलाही तेवढीच किंमत आहे, असं मी मानतो.

प्रश्न : खायला काय द्यावं? (वाचक, परळ)

स्पिरुलिना या शेवाळाचे बारीक दाणे, आणि आर्टेमिया, डाफ्निया हे पाण्यातले बारीक जीव. काचेवरचं शेवाळ सगळं खरवडू नका, ते चरतात. जिवंत ट्युबीफेक्स किडे गटारातून येतात, मी देत नाही.

प्रश्न : पिल्लं फार झाली तर पवई तलावात सोडली तर चालतील का? विहिरीत गप्पी सोडतातच की. (वाचक, पवई)

सोडू नका, एकही नाही. विहिरीतले गप्पी मलेरियाच्या डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिका ठरवून सोडते. तरीही गप्पी बाहेरचाच मासा आहे. ऑस्ट्रेलिया आणि हवाईमध्ये सोडून दिलेले स्वोर्डटेल नद्यांत ठाण मांडून बसले आहेत. पवई, विहार, तुळशीत आपले देशी मासे आहेत, त्यांच्या तोंडचा घास पळवायला आणखी कोणी नको.

पिग्मीची पिल्लं एका वेळी मोजकीच होतात, त्यामुळे गर्दी हळू होते. तरी झालीच तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, चिठ्ठीसकट. घेणारा मिळेपर्यंत काही महिने नर आणि माद्या वेगळ्या टँकमध्ये ठेवा. साठवलेल्या शुक्राणूंमुळे माद्या आणखी दोन-चार वेळा पिल्लं देतील, तेवढी जागा आधीच करून ठेवा.