मामांची फियाट आणि तुमची मुदत ठेव

प्रश्न : वय ४४, ज्युनिअर कॉलेजात शिक्षक. हातात येणारा पगार ८५,००० रुपये. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून ६०,००० जातात, मुलीच्या शिक्षणासाठी १२,००० ची एसआयपी आहे. ५ लाखांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात सुटते. दुसरी शिल्लक नाही. दिवंगत मामांची १९७१ ची फियाट ११०० डिलाइट मामेभाऊ १ लाख २० हजारांना द्यायला तयार आहे. गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये उभी आहे. मेकॅनिक म्हणतो, अडीच लाखांत नवीकोरी होईल. बरंच काम रविवारी घरी मीच करणार. दहा वर्षांत किंमत दुप्पट होईल, म्हणजे ही गुंतवणूकच आहे. पत्नीचा विरोध आहे. ठेव वापरू, की पतसंस्थेचं १३ टक्क्यांचं कर्ज काढू?

उत्तर : गाडी घ्या, पण कर्ज नको आणि अख्खी ठेवही नको. गुंतवणुकीचा मुद्दा मात्र सोडून द्या, त्या हिशेबात पत्नीच जिंकतील.

दुप्पट होईल म्हणता ते कशाच्या? १ लाख २० हजारांचे २ लाख ४० हजार झाले, तरी तोवर तुमचे कितीतरी जास्त गेलेले असतील. मेकॅनिकचा आकडा गाडी खोलण्याआधीचा आहे. फियाट ११०० ला वेगळी चासी नसते. बॉडी हाच तिचा सांगाडा. फ्लोअर आणि दाराखालचे पत्रे सडले असतील, तर ते काम केवळ दिसण्यापुरतं राहत नाही, आणि ते किती सडलेत हे रंग खरवडल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी अडीचचे पावणेचार लाख धरतो. गाडीची किंमत मिळवली की झाले जवळपास ५ लाख. हेच ५ लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होतात. त्या ठेवीला बॅटरी लागत नाही, टायर लागत नाहीत, विमाही लागत नाही. तेव्हा गाडीवर जाईल तो खर्च समजा, आणि तो आवडीचा आहे हे घरात मोकळेपणाने सांगा.

घरी काम केल्याने मजुरी वाचेल, पण तुम्हाला वाटते तेवढी नाही. खोलणं, साफसफाई, वायरिंग, सीट काढून कुशनवाल्याकडे नेणं हे तुम्ही कराल. इंजिन बोअर करणं, क्रँक ग्राइंडिंग, टिनकाम म्हणजे पत्र्याचं काम, रंग, क्रोम हे बाहेरच जाणार, आणि मोठी बिलं नेमकी तीच असतात. ब्रेक स्वतः जोडलेत तरी रस्त्यावर येण्याआधी जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्या. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवू नका, चांगले स्टँड घ्या. तो खर्च वाचवण्याचा नाही.

आता पैसे कुठून? सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ३ लाख ६० हजार, ठेवीतच राहू द्या. उरतात १ लाख ४० हजार, त्यात गाडी आणि ती घरी आणण्याचा टेम्पो बसतो. पुढचं काम महिन्याच्या शिलकीतून. तुमचे १३,००० उरतात, त्यातले ९,००० गाडीला द्या. पावणेचार लाखांना साधारण साडेतीन वर्षं लागतील. फक्त रविवारी काम करणाऱ्याला एवढी वर्षं तशीही लागतातच. एसआयपीला हात लावायचा नाही.

या हप्त्याहप्त्याच्या पद्धतीत एकच मोठा धोका आहे. अर्धवट खोललेली, सुटे भाग डब्यांत भरलेली गाडी उभ्या गाडीपेक्षाही कमी किमतीला जाते. म्हणून सगळं एकदम खोलू नका. आधी पत्रा तपासा. तो ठीक निघाला तर ब्रेक, मग इंजिन, मग वायरिंग. रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी. पत्राच पार गेलेला असेल तर तिथेच थांबून पुन्हा हिशेब करा.

पण या सगळ्याच्या आधी कागद. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, मामांच्या नावावर असेल, तर वारस म्हणून आधी मामेभावाने ती स्वतःच्या नावावर करून घ्यावी, मग तुमच्या. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलं असेल तर विशेष जपून. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पुढच्या पाच वर्षांच्या नूतनीकरणाला ५,०००. अट अशी की ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. सहकुटुंब महाबळेश्वर त्यात बसत नाही. तसं फिरायचं असेल तर नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत चालू ठेवायची, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण करासह. यातलं काय हवं ते आताच ठरवा.

विम्यात थर्ड पार्टी सक्तीचाच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी एवढ्या जुन्या गाडीची विमा रक्कम तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, त्यामुळे प्रत्येक बिल आणि फोटो जपा. पुढेमागे विकलीत तर वैयक्तिक वापराच्या गाडीच्या नफ्यावर भांडवली कर लागत नाही, पण तोटा झाला तर तोही कुठे वजा करता येत नाही. एकामागून एक गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकू लागलात तर तो धंदा ठरेल आणि कर द्यावा लागेल.

आरसी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मामेभावाला इसारही देऊ नका. नात्यात हे मागायला अवघड जातं, तरी मागा. ठेव सुटेल तेव्हा ३ लाख ६० हजार पुन्हा वर्षभरासाठी गुंतवा आणि १ लाख ४० हजार बचत खात्यात ठेवा. कागद जुळेपर्यंत ते तिथेच राहू देत.